कव्हर बघून कळतच नाही हो, गेम कसलाय!

मागच्या अंकात म्हटलं होतं की गेम बनवताय तर प्रश्न पाठवा. मला वाटलं होतं कोडिंगचे प्रश्न येतील, इंजिन कुठलं घेऊ वगैरे, पण बरेचसे मेल कव्हरबद्दलच आले, म्हणजे स्टीमसारख्या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात गेमचं जे छोटं चित्र दिसतं त्याबद्दल. म्हणून यावेळी फक्त तेच.

प्रश्न : मी दिवसा नोकरी करतो आणि रात्री गेम बनवतो, दोन वर्षं झाली. गेममध्ये तुम्ही कोकणातल्या एका बंद वाड्याचे रखवालदार असता, कंदील घेऊन फिरायचं आणि आवाज कुठून येतोय ते शोधायचं. स्टीमवर पेज टाकलं, कव्हरला गेममधलाच एक मस्त स्क्रीनशॉट घेतला आणि त्यावर नाव टाकलं. ज्यांना दाखवलं ते सगळे छान म्हणाले. पण रिपोर्टमध्ये दिसतंय की कव्हर लोकांच्या स्क्रीनवर येतंय आणि क्लिक कुणी करत नाहीये. काय चुकतंय? — एक वाचक, चिंचवड

तुमचं कव्हर मी मागवून घेतलं आणि खरं सांगू, मोठ्या स्क्रीनवर ते सुंदरच आहे. पडवी, अंगणातला आड, त्यावरचा रहाट, मागे फणसाचं झाड, चांदणं, आणि डाव्या कोपऱ्यात तो कंदील. नाव बारीक तिरप्या अक्षरात, एकदम कवितासंग्रहासारखं. मग मी ते छोटं केलं. स्टीमला तुम्ही जे छोटं कॅप्सूल देता (कव्हरच्या चित्राला तिथे कॅप्सूल म्हणतात) ते आता ४६२ बाय १७४ पिक्सेलचं असतं, पण स्टीम त्याच्याच आणखी लहान आवृत्त्या काढतं, त्यातली सगळ्यात लहान १२० बाय ४५ ची. हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी समजा. त्या साइजला तुमचं कव्हर म्हणजे एक काळा आयत आहे. आड नाही, फणस नाही, नाव तर नाहीच. कंदील एक पिवळा ठिपका झालाय, तोही कोपऱ्यात, माणसाला वाटेल स्क्रीनवर काहीतरी डाग पडलाय.

आणि वर स्टीमचं दुकान स्वतःच गडद निळसर काळं आहे. त्यावर काळं कव्हर म्हणजे काळ्या घोंगडीवर काळी मांजर. हॉरर बनवणारे बहुतेक सगळे हे करतात, रात्र दाखवायची म्हणजे सगळंच अंधारात ठेवायचं. अहो पण अंधार दिसायला कुठेतरी उजेड लागतो ना.

मला कव्हर म्हटलं की एसटीची पाटी आठवते. स्टँडवर गर्दी, पाऊस, गाडी अजून वळतेय, आणि तुम्ही लांबूनच बघता गुहागर की चिपळूण, त्यावर पळायचं की नाही ठरतं. पाटीवर सूर्यास्ताचं चित्र काढलं तर ते कितीही चांगलं असू दे, गाडी कुठे जाते ते कळलं नाही तर उपयोग काय. दुकानातला माणूस तसाच सरसर खाली स्क्रोल करत असतो, त्याला एका नजरेत दोन गोष्टी कळायला हव्यात, हा कुठल्या प्रकारचा गेम आहे आणि याचं नाव काय. बाकी सगळं नंतर, पेजवर आल्यावर.

आता चांगली उदाहरणं घ्या. हॉलो नाइट २०१७ चा, कितीही लहान करा, गडद पार्श्वभूमीवर तो पांढरा दोन शिंगांचा मुखवटा दिसतोच. स्टारड्यू व्हॅली २०१६ चा, आकाश निळं, नाव गुबगुबीत लाकडी पाटीसारखं, बघताक्षणी कळतं की इथे कुणी मारामारी करणार नाही, इथे मुळे लावायचे आणि कोंबड्या पाळायच्या. दोन्हीकडे एकच मुख्य गोष्ट आहे, दहा नाहीत.

तुमच्या गेममध्ये ती एक गोष्ट कुठली? कंदीलच की! पण आत्ता तुम्ही वाड्याचं चित्र काढलंय आणि कंदील त्यात आहे, ते उलटं करायचं. कंदील मध्ये, मोठा, तो धरलेला हात, आणि त्या पिवळ्या उजेडात रखवालदाराचा अर्धा चेहरा, तो बाजूला कुठेतरी बघतोय, घाबरलाय. मागे दाराची चौकट आणि त्यात जे काही आहे ते नीट दिसत नाहीये. एवढंच. माणसाचा चेहरा आणि त्यावरचा भाव एवढ्याशा जागेतही वाचता येतो, झाडं वाचता येत नाहीत. स्क्रीनशॉट कव्हरला सहसा चालत नाही तो यामुळेच, गेममधला कॅमेरा खेळण्यासाठी लावलेला असतो, लांबून ओळखू येण्यासाठी नाही. स्क्रीनशॉटला पेजवर जागा आहे, किमान पाच टाकावेच लागतात.

दुसरी चूक म्हणजे तुम्ही एकच चित्र सगळीकडे कापून लावलंय. हेडर कॅप्सूल ९२० बाय ४३०, मेन कॅप्सूल १२३२ बाय ७०६, ही आडवी. व्हर्टिकल कॅप्सूल ७४८ बाय ८९६ आणि लायब्ररीतलं, म्हणजे माणसाने घेतलेल्या गेम्सच्या यादीतलं, ६०० बाय ९००, ही उभी. आडवं चित्र उभं कापलं की तुमचा आड तरी जातो नाहीतर कंदील तरी, तुमच्याकडे कंदील अर्धा कापला गेलाय. प्रत्येक साइजला मांडणी वेगळी करायची. आणि सगळ्यात छोट्या कॅप्सूलमध्ये तर चित्राचा मोह सोडाच, नावानेच जवळजवळ सगळी जागा भरू द्या, जाड अक्षरात, मागे थोडा पिवळा उजेड पुरे.

तपासायचं कसं, तर कव्हर एकटं कधीच बघू नका. स्टीमवर तुमच्यासारख्या गेम्सची यादी उघडा, तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यात एका चौकोनावर तुमचं कव्हर चिकटवा. मग ते अशा माणसाला दाखवा ज्याला तुमचा गेम माहीत नाही, दोन सेकंद फक्त, आणि विचारा की यातल्या कुठल्या गेममध्ये काय करायचं असेल. "कसं वाटतंय?" असं विचारू नका, त्याला आपल्याकडे एकच उत्तर आहे, छान. मी माझ्या पहिल्या गेमचं कव्हर घरात सगळ्यांना दाखवलं होतं, सगळे छान म्हणाले, नंतर कळलं की आत्येला ते कॅलेंडर वाटलं होतं.

प्रश्न : आमच्या गेमला एका कॉलेज फेस्टिवलमध्ये पहिलं बक्षीस मिळालं. ते कव्हरवर टाकू का? सेल असेल तेव्हा ५० टक्के सूट असंही टाकायचंय. — दोन मित्र, नागपूर

नाही आणि नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम आहे की कव्हरवर फक्त चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक असेल तर ते. बक्षिसं, रिव्ह्यूचे स्टार, सूट, "आता ऑनलाइन मोडसह" हे काही चालत नाही. त्याआधी लोकांनी कव्हरांची अक्षरशः लग्नपत्रिका केली होती, कोपऱ्या-कोपऱ्यात काहीतरी छापलेलं, त्यामुळे माझ्या मते नियम चांगलाच आहे. मोठं अपडेट आलं तर थोड्या दिवसांसाठी अपडेटबद्दल लिहिलेलं वेगळं कव्हर लावता येतं, जास्तीत जास्त महिनाभर. सवलतीचा आकडा स्टीम स्वतःच किमतीशेजारी हिरव्या पट्टीत दाखवतं. बक्षिसाचं पेजवर लिहा की खुशाल.

प्रश्न : मी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि बॅनर रंगवले. फ्लेक्स आल्यावर काम गेलं. मुलगा कॉम्प्युटरवर गेम तयार करतो, त्याच्या कव्हरचं चित्र मी हाताने रंगवून दिलं तर चालेल का? तो म्हणतो बाबा आता तसं चालत नाही. — एक पेंटर, कोल्हापूर

काका, चालतं! उलट आनंदाने चालतं. मुलाला सांगा कपहेड नावाचा गेम बघ म्हणावं, २०१७ सालचा, त्यातलं ॲनिमेशन कागदावर हाताने काढलंय आणि मागचे देखावे जलरंगात रंगवलेत, आणि जगभर लोकांनी तो खेळला. आणि तुम्ही तर कोल्हापूरचे, बाबूराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवायचे हे मी तुम्हाला काय सांगणार.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "पाटी रस्त्याच्या पलीकडच्या माणसासाठी असते, दुकानातल्या माणसासाठी नसते." मी हे भिंतीवर लावणार आहे. वर चिंचवडच्या दादांना मी एवढं पाल्हाळ लावून जे सांगितलं ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

फक्त कामाच्या दोन-तीन गोष्टी बदलतील. सगळं एकाच कागदावर रंगवू नका. मागचा देखावा वेगळ्या कागदावर, माणूस वेगळ्या कागदावर, आणि नावाची अक्षरं तिसऱ्या. कारण हेच चित्र एकदा आडवं लागतं, एकदा उभं, एकदा पट्टीसारखं, तुकडे सुटे असले की मुलगा कॉम्प्युटरवर हलवून प्रत्येक मापात बसवू शकतो. नाटकाचा पडदा वेगळा आणि नट वेगळे, तसंच. लायब्ररीत वर एक मोठं चित्र लागतं, ३८४० बाय १२४० पिक्सेलचं, त्यावर तर अक्षर अजिबात चालत नाही, नाव वेगळ्या पारदर्शक फाइलमध्ये द्यायचं असतं. म्हणजे अक्षरं सुटी हवीतच.

ऑइल पेंट नको, चकाकतो आणि फोटोत पांढरे डाग येतात, पोस्टर कलर बरा. स्कॅन करणं उत्तम, कागद मोठा असेल तर भागाभागाने स्कॅन करून जोडता येतो. फोटोच काढायचा तर सकाळच्या उजेडात सावलीत, फ्लॅश बंद.

आणि अक्षराला तुम्ही जी शेड देता ना, एका बाजूने गडद, ती द्याच. गर्दीच्या चित्रावर नाव उठून दिसायला त्याच्यापेक्षा चांगला उपाय अजून कुणी काढलेला नाही, आजचे डिझायनर तेच करतात, फक्त नाव वेगळं देतात.

प्रश्न : मला चित्रं येत नाहीत म्हणून ऑनलाइन एका कलाकाराकडून कव्हर करून घेणार आहे. त्याला काय सांगायचं आणि काय लिहून घ्यायचं? पैसे दिले की चित्र माझंच ना? — एक वाचक, नाशिक

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तिथेच लोक अडकतात. पैसे दिले म्हणजे सगळे हक्क आपोआप आले असं गृहीत धरू नका, लिहून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ चा तो, कलम १९ आहे. त्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सही केलेलं हवं. आणि गंमत म्हणजे किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत धरतात. आता तुमचा गेम विकला जाणार ब्राझीलपासून जपानपर्यंत, आणि करारात लिहिलंय नुसतं "कव्हरचे सर्व हक्क". म्हणून मुदत लिहा, जगभर असं लिहा, टी-शर्ट, पोस्टर, पुढचा भाग यासाठी वापरणार असाल तर तेही लिहा. कलाकार परदेशातला असेल तर तिथला कायदा वेगळा असू शकतो, तरी लेखी कागद कुठेही कामालाच येतो. व्हॉट्सॲपवरच्या "ओके डन 👍" वर विसंबू नका. मी एकदा विसंबले होते, पुढचं सांगत नाही.

फाइल मागताना थर सुटे असलेली मूळ फाइल मागा, नाव वेगळं, पात्र वेगळं, मागचं वेगळं. आणि हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा, नंतर मागितली तर कलाकार जादा पैसे मागतो आणि त्यात त्याची चूक नसते.

आता सांगायचं काय. सगळ्यात आधी गेम खेळायला द्या. किमान अर्धा तासाचा व्हिडिओ तरी. १९८७ चा मेगा मॅन घ्या, गेममध्ये निळा छोटा रोबो मुलगा आहे ज्याच्या हातालाच तोफ असते, आणि अमेरिकेतल्या डब्यावर निळ्यापिवळ्या कपड्यातला एक प्रौढ माणूस पिस्तूल घेऊन अवघडून उभा! लोक अजून हसतात त्याला. याच्या उलट २००१ चा इको, त्याचं जपानमधलं कव्हर दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतःच काढलं, दे किरिको या चित्रकाराच्या लांब सावल्यांच्या धाटणीचं, आणि अमेरिकेत मात्र वेगळंच कव्हर लावलं, इतकं सामान्य की त्याची उदाहरणं आजही वाईट कव्हर म्हणून देतात. तुम्ही उएदा नाही हे मान्य, मीही नाही, पण गेमच्या पोटात काय आहे ते तुम्हालाच माहीत आहे, कलाकाराला तेच द्यायचं.

"एकदम भव्य आणि रहस्यमय पाहिजे" असं सांगू नका, त्यावरून कुणीही काहीही काढेल. खेळणारा काय करतो ते एका वाक्यात सांगा. तुमच्यासारख्या गेम्सची आठदहा कव्हरं पाठवा आणि प्रत्येकाखाली लिहा की यातलं काय आवडलं, रंग, अक्षर की चेहऱ्याची जागा. आधी फक्त काळ्यापांढऱ्या कच्च्या रेखाटनांचे तीनचार प्रकार मागा आणि तेव्हाच ते छोटे करून बघा. रंगवून झाल्यावर "जरा पात्र डावीकडे घेता का" म्हणणारे ग्राहक कलाकारांच्या ग्रुपमध्ये फार प्रसिद्ध असतात, त्यात तुमचं नाव नको.

वेळही धरा. रिलीजच्या आधी "कमिंग सून" पेज किमान दोन आठवडे तरी लावावंच लागतं, पण खरं तर ते महिनोन्महिने आधी लागायला हवं म्हणजे लोक विशलिस्ट करतात, नंतर घ्यायला नोंदवून ठेवतात, आणि पेज लागतं त्या दिवशी कव्हर लागतंच.

प्रश्न : गेमचं नाव मराठी आहे. कव्हरवर देवनागरीत टाकू की इंग्रजी अक्षरात? मन देवनागरीकडे ओढतंय. — एक वाचक, सध्या म्युनिक

माझंही ओढतं. पण आधी हे बघा की गेम कोण घेणार. जगभरच्या लोकांसाठी असेल तर त्यांना नाव वाचता आलं पाहिजे, दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे, सर्चमध्ये टाईप करता आलं पाहिजे. पुण्यात बनलेला राजी हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा त्याचं नाव रोमनमध्येच होतं, आणि म्हणून तो कमी भारतीय झाला का? पहाडी चित्रशैलीपासून देवळांपर्यंत सगळं आतलं चित्रच बोलतं. मराठी वाचणाऱ्यांसाठीच असेल तर मात्र देवनागरी बिनधास्त टाका.

टाकताना अडचण उंचीची येते. रोमन कॅपिटल अक्षरं सगळी उंची वापरतात, आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, आणि खाली उकार, त्यामुळे पट्टी बुटकी असली की मधलं मुख्य अक्षर एवढंसं उरतं. "वाडा" हे नाव घ्या, वर काही नाही, खाली काही नाही, अख्खी उंची मिळते. "मुहूर्त" घ्या, खाली दोन उकार आणि वर रफार, १२० बाय ४५ मध्ये तो रफार म्हणजे माशी. नाव बदला असं नाही म्हणत, पण अक्षर जुळवून घ्यावं लागेल, उकार बाजूला ओढून, वेलांटी शिरोरेषेला चिकटवून, म्हणजे लोगो हाताने काढायचा.

तयार फॉन्टच हवा तर मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. मोदक नावाचा एकदम गोलमटोल आहे, मोठ्या साइजला फार गोड दिसतो पण लहान केला की अक्षरांच्या पोटातली फट बुजते. बलू त्यापेक्षा टिकतो. आणि एक हात जोडून विनंती, रोमन अक्षरांवर शिरोरेषा ओढून "भारतीय" दिसणारा तो फॉन्ट वापरू नका, तो परदेशातल्या बटर चिकनवाल्या हॉटेलांना राहू दे, म्युनिकमध्ये रोज दिसत असेलच.

प्रश्न : एआयने कव्हर केलं तर काय बिघडलं? फुकटात होतं. — एक वाचक, पणजी

स्टीमवर बंदी नाही, पण जानेवारी २०२४ पासून एआय वापरलंय का ते फॉर्ममध्ये सांगावं लागतं आणि ते तुमच्या पेजवर लोकांना दिसतं. लपवू नका एवढंच. बरेच गेमर त्यावरून पेज बंद करून जातात, इंडी गेम, म्हणजे एकट्यादुकट्याने किंवा छोट्या टीमने केलेले गेम घेणारे तर जास्तच, कारण त्यांना कुणीतरी हाताने केलेलं काहीतरी हवं असतं म्हणून ते इकडे आलेले असतात. नैतिक वाद बाजूला ठेवला तरी माझी तक्रार वेगळी आहे, ती कव्हरं चकचकीत असतात आणि सगळी एकाच घरातली वाटतात, शिवाय कव्हरवर एक आणि गेममध्ये भलतंच. पेजवर आलेला माणूस खालचे स्क्रीनशॉट बघतो आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा काळ्या कागदावर पांढरा आकार कापून लावलेलं साधं कव्हर परवडलं.

प्रश्न : मी बारावीत आहे. माझा छोटा गेम इच डॉट आयओ या गेम्सच्या वेबसाइटवर फ्री टाकलाय. तिथे पण एवढं सगळं करावं लागतं का? कव्हर बदललं तर फरक पडला हे कसं कळणार? — एक विद्यार्थिनी, सांगली

नाही गं, तिथे एकच कव्हर लागतं, ६३० बाय ५०० चं कर, किमान ३१५ बाय २५० चालतं. आणि तिथे हलणारं जिफ पण लावता येतं, तुझा गेम उड्या मारायचा आहे ना, मग ती एक उडी दाखव, दोन सेकंदांची, सगळं आलं त्यात. फार लुकलुकणारं नको करू, डोळ्याला त्रास होतो. पुढे फोनसाठी प्ले स्टोअरवर टाकलास तर ५१२ चा चौकोनी आयकॉन आणि १०२४ बाय ५०० चं चित्र लागेल, आणि तिथे एक सोय छान आहे, दोन आयकॉन लावून कुठला जास्त चालतो ते गूगल स्वतःच तपासून देतं.

इचवर तसं नाही, तिथे आपणच वहीत लिहायचं. आधीचे दोन आठवडे किती जणांना कव्हर दिसलं आणि किती जण आत आले, आणि मग बदलल्यानंतरचे दोन आठवडे तेच. त्या काळात दुसरं काही बदलायचं नाही, नावही नाही आणि वर्णनही नाही. आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर लिंक टाकलीस तर त्या दिवसाचे आकडे सोडून दे, त्या कव्हर बघून आलेल्या नसतात, तुला बघून आलेल्या असतात.

तुझं आत्ताचं कव्हर बघितलं, बेडूक गोड आहे पण तो हिरवा आणि मागचं गवतही हिरवं. मागे केशरी करून बघ. लगेच नको, परीक्षा झाल्यावर.